गाडीत जीव ओतताना : एका छोट्या ॲनिमेशन फिल्मचा अभ्यास

मंडळाच्या मागच्या बैठकीत माझी ३८ सेकंदांची ॲनिमेशन फिल्म दाखवली गेली. त्यानंतर बऱ्याच जणांनी दोन प्रश्न विचारले. साहित्य शिकणाऱ्या मुलीला ॲनिमेशनचं काय पडलंय? आणि एवढ्याशा फिल्मला चार महिने कसे काय लागले? सर म्हणाले, तोंडी उत्तरं देत बसू नकोस, अंकासाठी लिहून काढ. म्हणून हा लेख. ज्यांना ॲनिमेशन शिकायचंय त्यांना यात कामाची माहिती मिळेल. ज्यांना शिकायचं नाही त्यांना निदान आठवणी लिहिताना तिचा उपयोग व्हावा.

फिल्ममध्ये गोष्ट अशी फार नाही. १९८४ सालची नाताळची आदली रात्र. बेळगावच्या कॅम्पातली एक गल्ली. मोतिया रंगाची प्रीमियर पद्मिनी एका बैठ्या घरापुढे थांबते, सगळं घर तिच्यात बसतं, गाडी मध्यरात्रीच्या मिस्सेला जाते आणि परत येते. गाडी चालवणारे माझे आबा, म्हणजे आजोबा. गाडी आमची नव्हती. आबा ज्यांच्याकडे ड्रायव्हर होते त्या मालकांची होती. वर्षातली एक रात्र ती आमच्या दारात यायची. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढची प्रत्येक तांत्रिक पायरी याच मुद्द्यापाशी येऊन थांबते.

शब्दापासून सुरुवात

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द मुळात डॉक्टरी आहे. योहानेस होफर या तरुणाने १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे सादर केलेल्या वैद्यकीय प्रबंधात तो घडवला. ग्रीक 'नॉस्टोस' म्हणजे घरी परतणं आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. घरापासून लांब राहणाऱ्यांना जडणाऱ्या आजाराचं हे नाव. मराठीत आपण त्याला 'स्मरणरंजन' म्हणतो. म्हणजे आपल्या शब्दात वेदना गळून पडली आणि रंजन तेवढं राहिलं!

स्वेतलाना बॉइम या अभ्यासक बाईंचं 'द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया' हे पुस्तक २००१ साली आलं. त्यात त्या दोन प्रकार सांगतात. एक नॉस्टॅल्जिया गेलेलं घर जसंच्या तसं पुन्हा उभं करू बघतो. दुसरा त्या अंतराकडेच बघत राहतो, दुखरी बाजू लपवत नाही, एकाच काळाच्या दोन वेगळ्या आठवणी शेजारी शेजारी नांदू देतो. पहिल्याला पुनर्स्थापक म्हणूया, दुसऱ्याला चिंतनशील. आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. वडिलांच्या सोवळ्यापायी घरादाराचे झालेले हाल त्या हसत हसत सांगतात, पण हाल झाले हे झाकत नाहीत.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत पहिला प्रकार फार चालतो. पद्मिनीचंच बघा. इटलीच्या फियाट ११०० या गाडीचा हा भारतीय अवतार. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात ती बनायची आणि १९७४ पासून तिला 'पद्मिनी' हे नाव मिळालं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा गाडीबद्दल पुष्कळ लिहून आलं. रंग, आवाज, मागे बसून पाहिलेला पाऊस. म्हणजे आठवणी बहुतेक मागच्या सीटवरच्या. पुढे बसून स्टिअरिंग धरणाऱ्याची आठवण मात्र शोधावी लागते.

ॲनिमेशन म्हणजे चेतनगुणोक्ती

शाळेत अलंकार शिकलो, त्यात चेतनगुणोक्ती होता. निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं दाखवायचं. ॲनिमेशन या शब्दामागे लॅटिन 'ॲनिमा' आहे, म्हणजे श्वास, जीव. दोन्ही गोष्टी एकच. प्रश्न एवढाच, की जीव नेमका कशात ओतायचा?

पिक्सारच्या 'कार्स' या २००६ च्या चित्रपटात गाड्यांचे डोळे पुढच्या काचेवर आहेत. डिस्नेच्या १९५२ सालच्या एका छोट्या निळ्या गाडीच्या लघुपटातही तसंच होतं. युक्ती छान आहे, पण काचेवर डोळे आले की काचेमागचा माणूस जातो. गाडी स्वतःच पात्र होते, ड्रायव्हरची गरजच उरत नाही. ऋत्विक घटक यांच्या १९५८ च्या 'अजांत्रिक' या बंगाली चित्रपटात उलटं आहे. बिमल हा टॅक्सीवाला आणि जगद्दल ही त्याची खटारा गाडी. गाडीला तोंड नाही, डोळे नाहीत, तरी ती जिवंत वाटते, कारण बिमल तिच्याशी तसा वागतो. मला हीच वाट हवी होती. फरक इतकाच, की बिमलची गाडी त्याची स्वतःची आहे आणि आबांची नव्हती.

मापं आणि मॉडेल

मी ब्लेंडर हे सॉफ्टवेअर वापरलं. ते मोफत आहे आणि २००२ पासून मुक्तस्रोत आहे. मोफत म्हणजे कमी दर्जाचं असं समजू नका. २०२५ साली ऑस्कर मिळवणारा 'फ्लो' हा लॅटव्हियाचा ॲनिमेशनपट ब्लेंडरमध्येच झालाय.

पहिलं काम संदर्भ गोळा करणं. गाडीची समोरून, बाजूने आणि वरून दिसणारी रेखाचित्रं पार्श्वभूमीला लावायची आणि त्यांच्यावर मॉडेल उभारायचं. रेखाचित्र कुठल्याही आकारात येतं, म्हणून एक खात्रीचं माप लागतं. पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर २३४० मिलिमीटर. ते एकदा जुळवलं की बाकी सगळं आपोआप प्रमाणात बसतं. फोनने काढलेल्या फोटोवर मापासाठी विसंबू नका. जवळून काढलेल्या फोटोत बॉनेट फुगतं आणि मागची बाजू लहान दिसते. आमच्या शहरातल्या एका गॅरेजात एक पद्मिनी उभी आहे. तिथे टेप लावून दारं, काचा, बंपर मोजले आणि फोटो लांबून, झूम करून काढले.

मॉडेल अर्ध्याच गाडीचं करतात. दुसरा अर्धा भाग आरशासारखा आपोआप तयार होतो. एका साध्या ठोकळ्यापासून सुरुवात करायची, त्याला उभ्याआडव्या रेषा देत जायचं आणि पृष्ठभाग शक्यतो चौकोनांचाच ठेवायचा. त्रिकोण आले की वळणदार पत्र्यावर चिमटा घेतल्यासारखी खूण दिसते. पत्र्याला जिथे कड हवी तिथे दोन रेषा जवळ जवळ आणायच्या, जिथे गोलाई हवी तिथे लांब ठेवायच्या. शेवटी मॉडेलवर काळेपांढरे पट्टे पाडून बघायचं. पट्टे सरळ वाहत गेले तर पत्रा नीट, वाकडेतिकडे झाले तर खड्डा आहे. डेंटिंगवाले मिस्त्री पत्र्यावर पडलेलं ट्यूबलाईटचं प्रतिबिंब बघतात ना, तीच पद्धत.

पद्मिनीच्या काही खास जागा आहेत, त्या टाळल्या तर गाडी ओळखू येत नाही. मागच्या बाजूचे छोटे उभे कल्ले, पुढच्या दाराची फिरणारी तिकोनी काच, आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरच बसवलेला गियर. हा गियर तिथे असल्यामुळे पुढची सीट बाकासारखी सलग असायची. ती सलग होती म्हणूनच आमच्याकडची चार माणसं पुढे मावली.

झीज कोणाची?

इथपर्यंत गाडी शोरूममधून आत्ताच काढल्यासारखी दिसते. आता तिच्यावर काळ चढवायचा. सोपा मार्ग म्हणजे सगळीकडे सारखी धूळ, थोडा गंज, वर पिवळट तपकिरी रंगाची झाक. बहुतेक 'जुन्या' गाड्या अशाच जुन्या केलेल्या असतात.

मी आबांना विचारलं, गाडी कुठे कुठे झिजली होती? त्यांनी हाताने दाखवलं. ड्रायव्हरच्या दाराच्या काचेची कड, जिथे त्यांचं कोपर असायचं. स्टिअरिंगचा वरचा उजवा भाग. गियरच्या दांड्याची मूठ. आणि मागच्या डाव्या दाराचं बाहेरचं हँडल, कारण मालक तिथे बसायचे आणि ते दार आबाच उघडायचे. मागच्या सीटला पांढरी कव्हरं, दर सोमवारी धुतलेली. पुढच्या सीटवर आबांचा चौघडी घातलेला टॉवेल.

ब्लेंडरमध्ये पृष्ठभाग किती खडबडीत आणि किती गुळगुळीत हे करड्या रंगाच्या एका नकाशाने ठरतं. काळं म्हणजे चकचकीत, पांढरं म्हणजे भुरकट. मी तो नकाशा आबांच्या बोटांनुसार रंगवला. तयार झाल्यावर दिसलं, की गाडीवर जिथे जिथे वापराची लकाकी आहे तिथे तिथे एकाच माणसाचा हात लागलेला आहे. कागदोपत्री गाडी कोणाची आणि झिजवली कोणी, हे दोन्ही त्यात वाचता येतं. आपण पाठ्यवस्तूचं सूक्ष्म वाचन करतो, त्याहून हे काही वेगळं नाही.

वजन आणि वेळ

फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या ॲनिमेटरांनी १९८१ सालच्या 'द इल्युजन ऑफ लाइफ' या पुस्तकात ॲनिमेशनची बारा तत्त्वं मांडली. ती हाताने काढलेल्या चित्रांसाठी होती. १९८७ मध्ये पिक्सारच्या जॉन लॅसेटर यांनी एका निबंधात ती संगणकावरच्या ॲनिमेशनला लावून दाखवली. मला त्यातली चार उपयोगी पडली.

एक, टायमिंग. माझी फिल्म सेकंदाला २४ चित्रांची. पद्मिनीच्या टायरची त्रिज्या मी ०.३० मीटर धरली, म्हणजे घेर साधारण १.८८ मीटर. गाडी १.८८ मीटर पुढे गेली की चाक एकदा पूर्ण फिरलं पाहिजे. गणित सोपं आहे : अंतर भागिले त्रिज्या. येणारा आकडा रेडियनमध्ये असतो आणि तो चाकाच्या फिरण्याला जोडून टाकायचा. गल्लीत २० किलोमीटर वेग धरला तर गाडी एका चित्रात साधारण २३ सेंटिमीटर सरकते आणि चाक ४४ अंश फिरतं. हे जुळलं नाही तर गाडी बर्फावरून घसरल्यासारखी वाटते.

दोन, हळू सुरुवात आणि हळू शेवट. कुठलीही जड वस्तू एकदम पळत नाही आणि एकदम थांबत नाही.

तीन, आकसणं आणि ताणणं. पत्रा चेंडूसारखा दबत नाही, म्हणून हे काम स्प्रिंगवर सोपवायचं. पद्मिनीला पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाट्यांचे स्प्रिंग. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना. त्यामुळे निघताना मागची बाजू किंचित बसते आणि नाक उचलतं, ब्रेक मारला की नाक खाली जातं. मॉडेलमध्ये चाकं आणि वरचा सांगाडा वेगळे ठेवायचे, म्हणजे चाकं जमिनीवर राहतात आणि सांगाडा डुलतो.

चार, मागाहून येणारी हालचाल. गाडी थांबली तरी तिच्यावर लटकणारी वस्तू अजून हलत राहते. बहुतेक जण आरशाला काहीतरी टांगतात. नाताळच्या फिल्ममध्ये रोझरीच टांगायला हवी, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. पण आबांनी त्या गाडीत रोझरी कधीच टांगली नाही, ती शर्टाच्या खिशात असायची. डॅशबोर्डवर मालकांचा गणपती होता आणि पुढच्या बंपरला लिंबू-मिरची. म्हणून माझ्या फिल्ममध्ये गाडी घरापुढे थांबते तेव्हा लिंबू-मिरची दोनदा झुलते आणि मग स्थिर होते. चर्चपुढेही तीच झुलते.

सर्वांत जास्त वेळ गेला तो माणसं बसण्यात. आबा, त्यांचे धाकटे भाऊ, आज्जी, काकी आणि पाच मुलं. एकूण नऊ. प्रत्येक जण बसला की गाडी थोडी खाली जायला हवी, जरा वर येऊन मग स्थिरावायला हवी. मोठ्या माणसाला एक सेंटिमीटर आणि लहानाला अर्धा, असं प्रमाण मी ठरवलं. मागे दोन मोठी आणि तीन मुलं, म्हणजे मागची बाजू साडेतीन सेंटिमीटर खाली. पडद्यावर एवढंसं अंतर कोणाला मोजता येणार नाही, पण डोळ्याला ते कळतं. रोज मालकांना घेऊन हलकी पळणारी गाडी आज भरलीय, हे एकही शब्द न बोलता पोचतं.

कॅमेरा कुठे ठेवायचा?

माणसं बसवण्याआधी नुसत्या गाडीची कच्ची फिल्म आबांना दाखवली होती. दोनदा बघितली. मग म्हणाले, "गाडी बेस झालीया गं. पर मी कुठाय हिच्यात?"

मी सांगितलं, माणसं अजून घालायची आहेत. पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण तो कॅमेऱ्याचाच प्रश्न आहे. गाडीच्या जाहिरातीत कॅमेरा बहुधा बाहेर, जमिनीलगत असतो. गाडी मोठी दिसते, मालकाची शान दिसते. मी कॅमेरा आत नेला. ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण १.१५ मीटर. तिथून काय दिसतं? बॉनेटचा वरचा भाग, पिवळसर दिव्यांच्या उजेडातला रस्त्याचा तुकडा, आणि वर आरसा. मागे बसलेली माणसं फक्त आरशात.

आबांच्या आरशात आज्जी होती. मालकांच्या जागेवर, मागे डावीकडे. आबा सांगतात, ती चर्चपर्यंत सीटच्या काठावर बसून होती. पाठ टेकलीच नाही. "कव्हर मळंल म्हणाली. म्या म्हटलं टेक की, उद्या धुतो. न्हाई टेकली." आज्जी आता नाही, त्यामुळे तिला विचारता येत नाही. फिल्ममध्ये आरशातल्या त्या चार सेकंदांत ती ताठ बसलेली आहे आणि तिच्यामागचं पांढरं कव्हर कोरं आहे. एवढ्याच शॉटमध्ये मी गाडीपेक्षा माणसाच्या पाठीवर जास्त काम केलंय. गाडी डुलते, सगळे तिच्याबरोबर डुलतात, आज्जी मात्र उशिरा आणि कमी डुलते. टेकायला काही नसलं की अंगाला स्वतःचा तोल सांभाळावा लागतो.

आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "छे, आई तर घोरत होती!" ती तेव्हा सहा वर्षांची, आज्जीच्या मांडीवर. तिला जाताना काय झालं ते आठवतच नाही, परतीचं आठवतं. आज्जीचं डोकं मागे पडलेलं, तोंड किंचित उघडं, शालीला पावडरचा वास. आबांना हे माहीत नव्हतं. परतीला काळोख होता, त्यांची नजर रस्त्यावर होती.

दोघांपैकी खरं कोण, हे ठरवायची गरज मला वाटली नाही. दोघं वेगवेगळ्या जागी बसले होते. म्हणून जातानाचा कॅमेरा आबांच्या डोळ्यांशी आणि येतानाचा आत्याच्या उंचीवर, मांडीवरून वर बघणारा. शेवटच्या सहा सेकंदांत आज्जीचा चेहरा खालून दिसतो आणि तिचं डोकं त्या पांढऱ्या कव्हरवर टेकलेलं आहे. पुढच्या सीटवर आबांची पाठ आहे. त्यांना ते दिसत नाही.

रंगाबद्दल एकच. तपकिरी झाक मी कुठेच घातली नाही. आबांनी ती रात्र तपकिरी बघितली नव्हती. काळोख काळा होता, कव्हरं पांढरी होती.

तुम्हाला करून बघायचं असेल तर

३८ सेकंद गुणिले २४, म्हणजे ९१२ चित्रं. माझ्या लॅपटॉपवर एका चित्राला सरासरी दोन मिनिटं, म्हणजे सलग तीस तासांहून जास्त. त्यामुळे आधी छोटं काही घ्या. सायकल, शिवणयंत्र, स्टो. पाच सेकंद पुरेत.

त्यासाठी चार पायऱ्या. पहिली, वस्तूचं एक तरी पक्कं माप मिळवा. दुसरी, ती वापरणाऱ्या माणसाला, हात कुठे लागायचा ते विचारा, आणि झीज तिथेच घाला. तिसरी, वस्तूचं वजन हालचालीत येऊ द्या. चौथी, कॅमेरा लावण्याआधी ठरवा, की ही आठवण कोणाची आहे आणि तो माणूस तेव्हा कुठे बसला होता. ललित लेख लिहिणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या जागी 'निवेदक' वाचावं, पायऱ्या याच राहतात.

आणि शक्य असेल तर एकाच प्रसंगाबद्दल घरातल्या दोन माणसांना वेगवेगळं विचारा. उत्तरं जुळली नाहीत की खरं काम सुरू होतं. संगणक प्रयोगशाळेत ब्लेंडर टाकलेलं आहे. शनिवारी दुपारी मी तिथे असते. या, बरोबर एक जुना फोटो आणि टेप घेऊन या.